सैल पाचर

सासऱ्याच्या वखारीत पाहुण्याच्या हातात पाण्याआधी कुऱ्हाड येते. जो घरात जेवणार त्याने चुलीपुरतं लाकूड फोडायचं, मग तो जावई असो नाहीतर व्याही, असा म्हाताऱ्याचा नियम. लग्नानंतर पहिल्यांदा आलो तेव्हा नव्या बुटांवर ढलप्या झेलत मी ओंडके फोडले होते, आणि हा माणूस शेजारी उभा राहून माझं डोकं खात होता. पाय फाका. ओंडका ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेला ठेवा, म्हणजे घाव चुकला तरी ठोकळ्यात जाईल, नडगीत नाही. गाठीवर मारू नका. आणि सगळ्यात आधी दांडा ठोकळ्यावर आपटून बघा, पातं हललं तर कुऱ्हाड खाली ठेवा. दर खेपेला तेच पुराण.

या खेपेला मी बायकोला न्यायला आलो होतो. तिचं शिलाई मशीन मी तिला न विचारता विकलं, एवढंच निमित्त. जुनं धूड, खोलीचा कोपरा अडवून बसलेलं. ती भांडली नाही की रडली नाही. बॅग भरली आणि बापाकडे निघून आली. भांडली असती तर मी तिला दोन शब्दांत गप्प केलं असतं, हे तिलाही ठाऊक होतं. संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं माझ्या खिशात होती आणि शेजारीपाजारी मी सांगून आलो होतो, की उद्या ती घरी असेल.

म्हातारा फळ्यांच्या चळतीवर बसून कानशीने करवतीचे दात घासत होता. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती, ठोकळ्याच्या अगदी समोर. माझ्याकडे बघत होती, पण ओळख नसल्यासारखी.

“मामा, तिला आवरायला सांगा. गाडी चुकेल.”

“आधी लाकडं.” त्याने मान वर केली नाही. “सकाळी हिनं घेतली होती फोडायला. अर्ध्यात सोडून आत गेली.”

“माझ्यासाठी राखून ठेवली असतील.”

त्याची कानस पुढच्या दातावर खरखरू लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ठोकळ्याला टेकवलेली कुऱ्हाड मी उचलली. आता पाय फाका म्हणेल, मग मी त्याला सुनावेन, अशी वाट बघत होतो. पण म्हाताऱ्याच्या तोंडाला कुलूप. मी खिडकीकडे पाहिलं, तर बायको तिथून बाजूला झाली होती. माझं तोंडही बघायचं नाही, असं दिसतंय, मी मनात म्हटलं.

सवयीने दांडा ठोकळ्यावर आपटला. पातं बोटभर सरकलं. पाचर इतकी सैल झाली होती की पहिल्याच घावाला पातं निसटून कुणाच्याही कपाळात बसलं असतं.

आता मला त्या गप्प बसण्याचा अर्थ लागला. एरवी दहादा बजावणारा हा माणूस आज नुसती करवत घासत बसलाय, कारण त्याला हेच हवंय. जावई जायबंदी झाला की पोरीला न्यायला कोण येणार? रागाने माझे कान तापले. मी पातं हळूच दाबून जागेवर बसवलं आणि कुऱ्हाड त्याच्यापुढे धरली.

“मामा, घाव कसा घालायचा ते विसरलो बघा. एक फोडून दाखवा. का आता झेपत नाही?”

घाबरेल, चाचरेल, पकडला जाईल, असं वाटलं होतं. पण त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कानस फेकून तो उठला, कुऱ्हाड माझ्या हातातून हिसकावली आणि न आपटता, न बघता सरळ डोक्यावर उचलली. त्याला काहीच माहीत नव्हतं, तो नुसता माझ्यावर रागावून गप्प होता, हे मला त्या क्षणी कळलं. एक शब्द पुरला असता. तो मी काढला नाही.

“बाबा, खाली ठेवा. ठेवा आधी.”

बायको दारात आली होती, अनवाणी. म्हाताऱ्याने कुऱ्हाड उतरवली, दांडा ठोकळ्यावर आपटला. पातं डुगडुगलं. त्याने अंगठ्याने ते हलवून पाहिलं आणि मग तो माझ्याकडे वळला.

“तुम्ही आपटून पाहिली असणार, जावईबापू. मीच शिकवलंय तुम्हाला.”

मी खिशातली तिकिटं चाचपली. त्याने पोरीला विचारलं, “तुला कसं कळलं?”

“सकाळीच सैल झाली होती. म्हणून तर लाकडं अर्ध्यात सोडली. तुम्हाला सांगायचं राहून गेलं, मग हे आले.”

मी तिच्याकडे पाहिलं.

“आणि माझ्या हातात होती तेव्हा?”

तिने नजर खाली घेतली नाही.

“तेव्हा मी खिडकीतून बाजूला झाले,” ती म्हणाली.

म्हातारा ठोकळ्यावर बसला आणि नवी पाचर तासायला घेतली. ती आत जाऊन हातोडी घेऊन आली, त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि दांडा घट्ट धरला. मी अजून तिथेच उभा आहे, याची दोघांनाही अडचण वाटत नव्हती. मी एक तिकीट काढून फळ्यांवर ठेवलं. म्हाताऱ्याने ते माझ्याकडे परत सरकवलं.

“जाताना फाटक लावून घ्या,” तो म्हणाला.