लालसूने पाहिलेलं रक्त

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका सरकारी दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. लोक मला 'रक्त पाहाची दुर्बीण' म्हणत. हिवतापाच्या दिवसांत रक्त तपासणारे हरिदासभाऊ माझ्यावरून मान वर काढत नसत, आणि रोज मऊ फडक्याने माझ्या काचा पुसत.

१९८६ च्या उन्हाळ्यात लालसू आपल्या मुलीला, सोमारीला, घेऊन आला. पोरीचे डोळे पिवळट होते.

"भाऊ, हिले आळस उतरवाचं औषध द्या," लालसू म्हणाला. "सारं गाव तेंदूपानं तोडून राह्यलं, अन् हे झाडाखाली बसते. हातपाय दुखते म्हणते. काल चारचौघांत मारलं, तरी उठली नाई."

हरिदासभाऊंनी तिच्या बोटातलं रक्त काचेवर पसरलं, रंगवलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "लालसू, तूच पाय."

लालसूने भीतभीत माझ्या नळीला डोळा लावला. हरिदासभाऊ सांगू लागले,

"मोठ्या, पोटात जांभळा डाग असलेल्या, त्या पांढऱ्या पेशी. त्या थोड्याच राह्यते, रोगाशी लढते. बारक्या, बिनडागाच्या, गर्दी करून हायेत त्या लाल. त्या श्वासातली हवा अंगभर पोचवते."

"काई लाल तर वाकड्या हायेत. इळ्यावानी."

"त्या गोल पाह्यजे होत्या. वाकड्या झाल्या की बारीक नसांत अडकते, मंग हाडं ठणकते. लवकर तुटते, म्हणून अंगात रक्तच राहत नाई. हे जन्माचं दुखणं हाये, मायबापाकडून आलेलं. त्यात कोनाचा दोष नाई. पन आळस नोहे हा."

लालसू डोळा काढेना. त्याची ओली पापणी माझ्या काचेला लागत होती. पाहायचं सगळं पाहून झालं होतं. त्याला मुलीकडे वळवत नव्हतं.

"बाबा, मले पाहू दे ना," सोमारी म्हणाली.

त्याने तिला हलकेच उचलून धरलं. ती पाहत राहिली.

"मी खोटं नव्हती बोलत," ती हळूच म्हणाली.

लालसूची मान खाली गेली. "जिथी मारलं, तिथीच सांगीन," तो पुटपुटला, "सगळ्याइसमोर."

हरिदासभाऊंनी गोळ्या दिल्या. भरपूर पाणी पाज, उन्हातान्हात राबवू नको, म्हणाले. हे दुखणं मुळातून जाणारं नव्हतं. पुढे गावात फिरणाऱ्या नर्सबाईंनी येऊन सांगितलं, की लालसूने पानांच्या ढिगापाशी उभं राहून, सगळ्यांसमोर, पोरीची माफी मागितली. सांगताना त्याला तोंड वर करवलं नाही म्हणे.

आता नवं यंत्र आलंय. मी कपाटात आहे, माझ्या काचांवर बुरशी चढते आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला कोरडं ठेवा, पुसत जा. आणि कुणी 'दुखतं' म्हणालं, तर हात उगारण्याआधी त्याला दवाखान्यात आणा.