मागं धरणारी

सीतारामआबांचं गाणं संपलं आणि काचेपलीकडून रूपालीनं अंगठा उंचावला. मळवलीच्या एका बंगल्यात तिचा स्टुडिओ, आणि शेजारच्या भाजे गावचे आबा आज तिथं आपलं शेवटचं भीमगीत गायला आलेले. उद्या पुण्याला ऑपरेशन, डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. शेवटच्या कडव्याला घसा असा बसला की आता तोंडातून नुसती हवा येत होती. पण गायले मात्र काय! आहाहा!

"ऐकीव की गं पोरी," आबा कसेबसे पुटपुटले.

रूपालीनं स्क्रीनकडे पाहिलं. कालच रेकॉर्ड करून ठेवलेली ढोलकी होती, पेटी होती. आबांच्या ट्रॅकवर मात्र आवाजाची साधी रेघसुद्धा नव्हती. त्या ट्रॅकचं लाल बटण दाबायचंच राहून गेलं होतं! अगं बाई, रोजचं काम, आणि आजच तुझे हात झडले होते?

तिनं सांगितलं तेव्हा आबा ओरडले नाहीत. ओरडायला आवाज तरी कुठं होता? नुसते खुर्चीत बसले.

आता उरला होता एकच ट्रॅक, आबांच्या बायकोचा, रंजनामावशींचा. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्यामागं बसून ध्रुवपद उचलायच्या. "तू फकस्त मागं धर, कडवं माझं," हा आबांचा कायदा. पण दोघांचे माईक एकाच खोलीत होते. मावशींच्या माईकमध्ये आबांचा थोडाफार आवाज शिरला असणारच! रूपालीनं तो ट्रॅक लावला.

विहिरीतून यावा तसा आबांचा आवाज लांबून आला. आणि त्याच्या पुढ्यात, माईकला अगदी लागून, मावशी गात होत्या. ध्रुवपद नव्हे, अख्खं कडवं! ओठांतल्या ओठांत, पण इतकं सुरेल की रूपाली थिजलीच.

"अवो, मला कळलंच न्हाई," मावशी घाबरून म्हणाल्या. "शेवटचं म्हनून त्वांडातनं आलं. पोरी, माझं तेवढं पुसून टाक. त्यांचंच ऱ्हाऊ दे."

"दोन्ही आवाज एकातच भरलेत, मावशी. तुमचा काढला तर आबांचाही जाईल."

आबांचं तोंड उघडंच होतं. घरातली बायको, आणि हा गळा त्यांनी आज पहिल्यांदा कडव्यात ऐकला होता.

"इतकी वर्सं कुटं व्हतं हे?"

"तुमच्याच मागं," मावशी म्हणाल्या.

आबांनी आपली खुर्ची मावशींच्या शेजारी ओढली. मग रूपालीला जवळ बोलावून, उरल्यासुरल्या आवाजात म्हणाले, "हिचा आवाज हाय तसाच म्होरं ऱ्हाऊ दे. सांग लोकांना, ह्या गान्याला मागं मी धरलंय."