लवंगेच्या कुपीचा सूड

मी एक जुनी, तपकिरी काचेची कुपी आहे, मित्रांनो. पोटात लवंगेचं तेल आणि मनात राग. राग कुणाचा, ते सांगते.

काचेच्या कारखान्यातून मी रुग्णालयातल्या एका अरुंद खोलीत आले. ज्यांना वास येईनासा झाला आहे, अशा माणसांवर तिथे एक तरुण डॉक्टर संशोधन करत होती. सगळे तिला ताई म्हणत. तिने माझ्यात तेल भरलं आणि गुलाब, लिंबू, निलगिरी या बहिणींशेजारी मला ठेवलं. सकाळ-संध्याकाळ मन लावून आमचा वास घेतला, तर नाकातल्या झोपलेल्या नसा जाग्या होतात का, हे तिला पाहायचं होतं.

सगळ्यात नेमाने यायची ती पाववाली. एका तापातून उठली, पण वास गेला तो गेलाच. भट्टीतले पाव करपले तरी तिला कळेना. एकदा गॅस गळत असताना तिने काडी ओढली आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. ती मला नाकाशी धरून डोळे मिटायची. एके दिवशी दचकून म्हणाली, "ताई, काहीतरी आलं! काय ते सांगता येत नाही, पण आलं!" ताईने तिला मिठीच मारली. मी अशी फुगले की काच तडकते की काय असं वाटलं.

त्याच आठवड्यात विभागाचे मोठे सर आले. आम्हाला बघून हसले. "मसाल्याचं दुकान काढलंय का? वास गेला तर काय एवढं बिघडलं? सगळे मनाचे खेळ." त्यांना ती खोली बैठकांसाठी हवी होती. पाववालीचे डोळे भरून आले, तसे म्हणाले, "रडायचं तर बाहेर जाऊन रडा, बाई."

आमची रवानगी फरशी पुसायच्या बादल्यांच्या कपाटात झाली. पाववालीने भट्टी विकून टाकली. अंधारात लिंबू आटली, गुलाब आंबली. मी मात्र राग धरून बसले.

मग सर्दीची साथ आली आणि मोठ्या सरांचाच वास गेला. चहा म्हणजे गरम पाणी, जेवण म्हणजे भुसा. नातीला कुशीत घेतलं तरी तिच्या केसांचा वास येईना. शेवटी एका दुपारी ते ताईसमोर मान खाली घालून उभे राहिले. "ते... तुमच्या बाटल्या अजून आहेत का?"

"आहेत, सर," ताई थंडपणे म्हणाली. "पण खोली लागेल. आणि जुने रुग्ण परत बोलवावे लागतील."

खोली मिळाली. ताईने मला धुऊन ताजं तेल भरलं. पहिल्याच दिवशी सर बाकावर बसले, ते नेमके पाववालीशेजारी. तिने भाजलेला हात मुद्दाम त्यांच्या बाजूला ठेवला. "बरेच महिने काही येत नाही. रडू येईल. आलं की बाहेर जायचं, इथे रडायचं नाही."

सर हुंगत राहिले आणि मी माझा वास पोटात दाबून बसले. काय सांगू, केवढं सुख होतं ते! काही महिन्यांनी तर कहरच झाला. मला हुंगताच सर ओरडले, "शी! कुजलेलं गटार!" मी मनातल्या मनात नाचले. पण ताई हसली. "चांगली खूण आहे, सर. नसा परत जुळू लागल्या की आधी असे उलटेसुलटे वास येतात." माझा सूड त्यांचं औषध निघाला! पुढे त्यांना लवंगेचा वास लवंगेसारखाच येऊ लागला.

पाववालीला मात्र तेव्हा आलेलं तेवढंही पुन्हा गेलं; अजून काहीच येत नाही. "तेव्हा थांबवलं नसतं, तर कदाचित हिला वास आला असता," ताईने सरांना तिच्यादेखत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते तिच्याआधी येऊन बसू लागले. तिचा हात आखडला आहे, म्हणून मला उघडून तिच्या नाकाशी धरतात.

मित्रांनो, कुणी म्हणालं की मला वास येत नाही, तर हसू नका. त्याला वेळेवर डॉक्टरांकडे न्या आणि तोवर त्याच्या घरातल्या गॅसवर लक्ष ठेवा. आमची झाकणं घट्ट लावा, आम्हाला उन्हात टाकू नका.

सरांना माफ केलं का, असं विचाराल. नाही केलं. परवा पाववाली त्यांना म्हणाली, "हात दुखत असेल, ठेवा आता." ते म्हणाले, "राहू द्या, अजून थोडा वेळ." दुखू दे. मी जीव तोडून दरवळते आहे, ती तिच्यासाठी.