पेडल थडथडलं तेव्हा

ब्रेक दाबताच चाकं जाम होऊन गाडी घसरू नये, यासाठीच्या यंत्रापायी इंजिनियरने उमेदीची वर्षं घातली होती. ते बसवलेली पहिली गाडी त्याने कौतुकाने बायकोला दिली. ओल्या उतारावर ट्रक आडवा आला. तिने करकचून ब्रेक दाबला, पेडल पायाखाली थडथडलं, ती दचकली आणि गाडी ट्रकवर आदळली.

दवाखान्यात ती शुद्धीवर येताच त्याने विचारलं, "पेडल थडथडल्यावर पाय उचललास ना? यंत्र काम करायला लागलं की ते थडथडतंच."

"हो. वाटलं, ब्रेकच मोडला. असं थडथडतं, हे तू सांगितलंच नव्हतंस."

त्याचा जीव भांड्यात पडला. तिच्या उशाशीच उभं राहून त्याने कंपनीत फोन लावला. "यंत्र ठणठणीत आहे, साहेब. चूक आमच्या हिचीच."

तिला त्याच्याकडे पाठ फिरवायची होती, पण कंबरेखालचं अंग हलेना.