पोटात ओंजळभर पाणी

मी एक जुना स्पीकरचा डबा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. या गोष्टीत नाक मुरडण्याचं काम माझं आहे आणि ते मी वर्षानुवर्षं मन लावून करत आलो आहे. आज माझ्या अंगाला मासळीचा वास येतो, माझं तोंड करवतीने कापलेलं आहे, आणि तरीही बोईसरच्या बाजारातल्या निम्म्या वस्तू मला माझ्या शेजारी बसायच्या लायकीच्या वाटत नाहीत.

माझा जन्म १९९४ साली कुंभवलीत, भाड्याच्या खोलीमागच्या एका पडवीत झाला. मला घडवणारा पुंडलिक मूळचा दातिवऱ्याचा, मासेमाराच्या घरातला. पण होडीवर न जाता तो तारापूरच्या कारखान्यात फायबरच्या टाक्या बनवायला लागला. बारा वर्षं तो टाकीच्या आत उतरून रेझिन नावाचं चिकट रसायन फासत होता. त्याच्या उग्र वासाने पुंडलिकला खोकला जडला होता. त्याची बायको वत्सला रोज म्हणायची, "अवो, सोडा ती टाकी. तुमचा खोकला मला रातभर झोपू देत नाय." आणि तो रोज म्हणायचा, "सोडून करू काय?"

याचं उत्तर चिंतू घेऊन आला. चिंतू बोईसर ते तारापूर जीप चालवायचा. घरात त्याचं कुणी ऐकत नसे, म्हणून जीपमध्ये सगळ्यांना ऐकावंच लागेल असा आवाज त्याला हवा होता. पण मागच्या चाकावर जो उंचवटा असतो, त्यापायी बाजारातला चौकोनी प्लायवुडचा डबा त्याच्या जीपमध्ये बसेना. तो पुंडलिकला म्हणाला, "दादा, तू एवढ्या टाक्या बनवतोस. माज्या जीपच्या मापाचा एक डबा बनव ना. हंसाच्या हळदीत वाजवायचा हाय." हंसा ही त्याची धाकटी बहीण.

पुंडलिकने जीपच्या उंचवट्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवला आणि त्यावरच काचेच्या धाग्यांची चटई अंथरून रेझिन फासलं. ती माझी पाठ. पुढे लाकडी चौकट उभी करून तिच्यावर कापड ताणलं आणि त्यावरही थर दिले. ते कापड म्हणजे वत्सलाचा जुना परकर होता. मित्रांनो, कल्पना करा! ज्याला गाण्याच्या तालावर गरजायचं, त्याच्या अंगात परकर. दोन थर पुरेसे होते, पण टाक्यांच्या सवयीने त्याने सहा दिले. प्रत्येक थरातली हवा ब्रशने ठोकून ठोकून काढली. चिंतूने माझ्यावर उभं राहून उड्या मारल्या, तरी मी कुरकुरलो नाही. तेव्हापासूनच मी सगळ्या जगाला हलकं समजू लागलो.

आणि मग त्या माणसाने माझ्यात पाणी भरलं!

कारखान्यात टाकी तयार झाली की ती काठोकाठ भरून दिवसभर ठेवतात. थेंब झिरपला नाही तरच टाकी पास. पुंडलिकच्या हाताला दुसरी परीक्षाच ठाऊक नव्हती. स्पीकरसाठी कापलेल्या भोकातून त्याने बादल्या ओतल्या. चिंतूच्या स्टँडवरचे जीपवाले बघायला जमले. त्यांच्यातला एक ओरडला, "अरे भाई, मछली पालोगे क्या?" प्लायवुडचे डबे विकणारा जानूशेट पोट धरून हसला. वत्सलाने कपाळावर हात मारला. "गान्याच्या पेटीत पानी कोन भरतं वो?"

"गळत असंल तर हवा पन गळंल," पुंडलिक म्हणाला. बोलणं बरोबर होतं, पण मला लाज वाटली. एवढ्या लोकांसमोर मला पिंप करून टाकलं होतं.

थेंबसुद्धा झिरपला नाही. संध्याकाळी त्याने मला उलटं केलं, पाणी सांडलं, हलवून पाहिलं. टाकीला तळाशी तोटी असते, ती उघडली की शेवटचा थेंबही जातो. मला तोटी नव्हती. चाकाच्या उंचवट्यामुळे माझ्या पाठीत एक खोल वळण होतं आणि तिथे ओंजळभर पाणी राहिलं. मला ते कळत होतं. पण मी म्हटलं, जाऊ दे, या टाकीवाल्याला काय सांगायचं! आवाज घुमू नये म्हणून लगेच त्याने आत कापूस भरला आणि भोकावर स्पीकर बसवला. कापसाने पाणी पिऊन टाकलं आणि ते हिंदकळल्याचा आवाज आलाच नाही.

पहिले चार दिवस मी असा वाजलो की जीपच्या काचा थरथरल्या. ते ऐकून सहा जीपवाले पुंडलिकला म्हणाले, "हळद झाली की आमचेही डबे बनव." पुंडलिकने शनिवारी कारखान्यात राजीनामा दिला. घरी येऊन वत्सलाला म्हणाला, "आता टाकीत उतरनार नाय." त्या दिवशी तिने माझ्यावरची धूळ पदराने पुसली.

गुरुवारी हंसाची हळद. जीप मांडवाला लावली, दरवाजे उघडले, कॅसेट चढवली. एव्हाना ओल्या कापसाने स्पीकरच्या कागदी पडद्याचा लगदा करून टाकला होता. माझ्या तोंडून जे निघालं, ते गाणं नव्हतं. म्हातारं माणूस चूळ भरतं, तसा तो आवाज होता. आधी पोरं हसली, मग बायका, मग नवरीसुद्धा. चिंतूने स्पीकर उचकटला. पुंडलिकने आत हात घातला, कापूस बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर पिळला. त्यातून धार लागली.

"बहिनीच्या हळदीत लाज काढलीस, दादा," चिंतू म्हणाला.

सहाही जीपवाल्यांनी जानूशेटकडे प्लायवुडचे, बसतील तेवढे लहान डबे सांगितले. सोमवारी पुंडलिक मुकादमाच्या पाया पडून पुन्हा टाकीत उतरला. मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा मला माझा तिरस्कार वाटला. तो फार वेळ टिकला नाही, पण वाटला हे खरं.

चिंतूने मला परत आणून टाकलं आणि पडवीत मी पावसाळाभर पडून होतो. खोकल्यापायी पुंडलिकचे खाडे वाढले, तशी वत्सला बंदरावरून मासळी आणून बोईसरच्या बाजारात बसू लागली. टोपलीतला बर्फ दुपारपर्यंत वितळून जाई. एक दिवस तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "अवो, पानी राखतो ना ह्यो? मंग बर्फ पन राखंल." पुंडलिकने माझं तोंड कापलं, वर झाकण बसवलं. मला, गाणाऱ्याला, पापलेटं आणि बोंबील! मी आतल्या आत जळफळलो. पण माझ्या सहा थरांच्या पोटात बर्फ संध्याकाळपर्यंत टिकला आणि शेजारणीच्या साडीवर थेंबही सांडला नाही.

शेजारी बसणारी जमना चार दिवस बघत राहिली. पाचव्या दिवशी तिने विचारलं, "वत्सला, कोनी बनवला गो? माला पन पायजे." मग पलीकडे बसणाऱ्या नवसीने मागितला, मग एडवण गावच्या बायकांनी. पुढच्या पावसाळ्याआधी पुंडलिकने पडवीतच कामाला सुरुवात केली, उघड्या हवेत. टाकी कायमची सुटली. खोकला पूर्ण गेला नाही, पण वत्सला आता रात्री झोपते. आणि जानूशेटचे डबे? जीपच्या फाटक्या टपाखाली भिजून फुगले. मी पाहिले ते, स्टँडमागच्या कचऱ्यात. नमस्कारही केला नाही.

पुंडलिक अजूनही प्रत्येक नव्या डब्यात पाणी भरून बघतो. पण आता तो आधी बुडाला भोक पाडतो आणि त्याला लाकडी बूच बसवतो. बूच काढलं की सगळं पाणी जातं. माझ्याही बुडाला भोक पाडायला त्याने एकदा गिरमिट आणलं होतं. वत्सला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्याचं मी बघते."

ती रोज संध्याकाळी मला उलटं करते, मग सरळ करून त्या वळणात हात घालते आणि उरलेलं ओंजळभर पाणी फडक्याने टिपते. दिवसभर मी सगळ्यांना नावं ठेवतो. तेवढा वेळ ठेवत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडून मला दया नको. ती त्या फुगलेल्या प्लायवुडला द्या. एवढंच सांगतो, कुठलीही वस्तू रिकामी झाली असं म्हणण्याआधी आत हात घालून बघा. त्या संध्याकाळी पुंडलिकने मला नुसतं हलवून पाहिलं होतं.