मायचा उजवा अंगठा

सकाळी नऊला भाकरी थापता थापता मायचा उजवा हात परातीत पडला, तो पडलाच. तोंड वाकडं झालं. शेजारीण म्हणाली, अंगावरून वारं गेलं. तेल चोळण्यात अन् जीप शोधण्यात वेळ गेला. देगलूरहून नांदेडच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते.

डोक्याचा फोटो बघून डॉक्टर वर्षाराणी धावतच बाहेर आल्या. माझ्यापेक्षा लहान पोरगी.

"अश्वजित तुम्हीच ना? आईच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन दीडच्या आत द्यावं लागतं. शंभरात पाच-सहा जणांना त्यानं मेंदूत रक्तस्राव होतो. जीवही जातो. सही करा."

"आन् न्हाई दिलं तर?"

"हात आणि बोलणं, बहुतेक दोन्ही गेलं."

मी पेन धरला अन् खाली ठेवला. आमच्या घरात ग्यानोबामामाला विचारल्याशिवाय म्हैस विकत नाहीत. बाहेर जाऊन बिलोलीला फोन लावला.

"हात लावू देऊ नको! आमच्या शरणप्पाला असंच इंजेक्शन दिलं, सांजच्याला तिरडी. मी निघालोच."

"मामा, दीडपर्यंतच टाइम हाय."

"घड्याळ दवाखान्याचं हाय, बहीण माझी हाय!"

मग त्यानं फोन मामीला दिला, मामीनं चुलत्याला. एक वीसला आत गेलो, तर नळीतून औषध चालू.

"कोणाला इचारून दिलं?"

"कुणालाच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही फोनवर होता. वेळ संपत होता."

मी त्यांना घाण शिवी दिली. अन् मनात म्हणत होतो, बरं झालं बाई, माझ्या डोक्यावरचं उतरवलंस. दोन्ही खरं होतं. आजही आहे.

व्हरांड्यात लोक जमले. सुमनबाई नावाची बाई नवऱ्याला घेऊन आली होती, ती खेकसली, "जीव वाचवून राहिली ती, अन् तू भांडून राहिलास व्हय?"

एक टोपीवाला म्हणाला, "आज इंजेक्शन देतील, उद्या किडनी काढतील. इचारायला नको?"

मला सुमनबाईचं पटलं. टोपीवाल्याचंही पटलं.

तेवढ्यात क्लार्क संमतीचा कागद अन् शाईचं पॅड घेऊन मायच्या खाटेपाशी आला. "तुमचे लोक यायच्या आत पुरं करा. न्हाईतर मॅडमची नोकरी जाती."

सही केली तर मामा मला धरणार. मायचा अंगठा असला तर तिला कोण काय म्हणणार? मी असा भेकड. मायनं डावा हात पुढं केला.

"डावा नको," क्लार्क म्हणाला. "पुरुषाचा डावा, बाईमाणसाचा उजवा."

मी डावा बाजूला सारला अन् तिचा मेलेला उजवा अंगठा उचलून कागदावर दाबला.

अडीचला मामा आठ माणसं घेऊन आला. "कुठं हाय ती डॉक्टरीण?"

मी कागद पुढं केला. "मायनंच अंगठा दिलाय, मामा."

मामानं कागद बघून खाटेवर टाकला. मग मायचा हात बघितला.

"आश्या, उजवा तर गेलाय तिचा. ह्यो कोणी उमटवला?"

डॉक्टर दारात उभ्या होत्या. मी म्हणालो, "मी. तुमच्या भ्यानं."

मामाचा हात उठला. पण त्याआधी मायचा डावा हात सरकत सरकत खाटेवरच राहिलेल्या पॅडवर गेला. शाईचा अंगठा तिनं कागदावर टेकवला, बरोबर माझ्या ठशावर, अन् रगडला.

"बघा, कबूल हाय तिला," मामाबरोबरचा एक जण म्हणाला.

"आवो, खोडून राहिली ती!" सुमनबाई.

मामा मटकन खाली बसला. डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "हात नेमका तिथंच नेला. समज शाबूत आहे."

माय जगली. उजव्या हातात कप धरते. बोलणं मात्र एका शब्दावर आलं, हाव, म्हणजे हो.

"माय, चहा घेतीस?"

"हाव."

"नको का?"

"हाव."

"इंजेक्शन दिलं ते बरं झालं?"

"हाव."

"अंगठा खोडला व्हतास?"

"हाव."

परवा धीर करून विचारलं, "आधी तुला इचारायला पायजे व्हतं ना?"

तेवढ्याला ती हाव म्हणाली नाही. आता ह्याचा अर्थ कुणाला विचारू? मामाला?