तिसरं पुस्तक

आयझॅकचा हात तिसऱ्या पुस्तकावर टेकला आणि तिथेच थबकला.

टेबलावर भजनांची चार पुस्तकं सुतळीने बांधून ओळीने मांडली होती. पहिलं एकाने उचललंच होतं. चौघांतल्या ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघेल, तो मंडळीचा पाळक. पगार नाही, सुटका नाही, थेट मरेपर्यंत. नाही म्हणायची सोयच नव्हती. बाप्तिस्म्याच्या वेळीच प्रत्येक पुरुष तसा शब्द देऊन बसलेला असे. निवड देवाची, असं म्हणायचं. छातीची धडधड मात्र माणसांची.

बायकांच्या पहिल्या बाकावरून लावीनाला नवऱ्याचा हात स्पष्ट दिसत होता. त्याच्या बोटांखाली, पुस्तकाच्या कडेतून डोकावणारा कागदाचा पांढरा कोपराही दिसत होता. चिठ्ठी घालणाऱ्या बिशप मोझेसची नजर अलीकडे अधू झाली होती, त्याचा हा प्रताप.

आठवडाभर तिने आयझॅकचं डोकं खाल्लं होतं.

"मेबलला उचलून चाकांच्या खुर्चीत कोण बसवणार? माझी कंबर पार गेलीय. तू गावभर प्रवचनं देत हिंडशील, आणि आपल्या पोरीचं काय?"

"देव बघेल," एवढंच तो म्हणाला होता.

आता त्याचे कान लालभडक झाले. हात सरकला. चौथं पुस्तक उचलून तो खाली मान घालून जागेवर जाऊन बसला.

मग फिनियस हूवर उठला. साधा माणूस. चष्मा वर सरकवून त्याने हाताला आलं ते उचललं. तिसरं. लावीनाने डोळे मिटून घेतले. उरलेलं दुसरं चौथ्या माणसाने घेतलं.

बिशपांनी एकेक सुतळी सोडली. पहिल्यात काही नाही. आयझॅकच्यात काही नाही. लावीनाचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली.

"फिनियस, उभा राहा."

बायकांमधून हुंदका आला. फिनियसची बायको एस्तर. सहा पोरं पदरात, सातवं पोटात.

उपासना संपल्यावर एकेक बाई एस्तरच्या गालाचं चुंबन घेऊन पुढे सरकू लागली. लावीना रेंगाळत सगळ्यांत शेवटी गेली. एस्तरने तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"लावीना, मला माफ कर गं."

"मी? कशाबद्दल?"

"आयझॅकचा हात त्या पुस्तकावर थांबला ना, तेव्हा मी मनात म्हटलं, देवा, त्यालाच मिळू दे. तुझ्या मेबलचाही विचार केला नाही. म्हणून देवाने ते आमच्या पदरात टाकलं."

दाराशी आयझॅक हॅट हातात घेऊन उभा होता. त्याने इकडे पाहिलं नाही. लावीनाच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण माफी मागणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही, ही इथली रीत. एस्तर वाट पाहत होती.

"केलं माफ," लावीना म्हणाली.

एस्तर तिच्या गळ्यात पडली.

"किती मोठं मन गं तुझं!"